सर, कोणती गाडी घ्यायची?

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कितीजण वहीच्या शेवटच्या पानावर गाड्यांची चित्रं काढता? हात वर करा पाहू! लाजू नका. मी हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवतो. वह्या तपासायला घेतल्या की मी आधी शेवटचं पान उघडतो. तिथं हमखास एक गाडी असते. बुटकी, लांब नाकाची, मागे पंख लावलेली. आणि खाली लिहिलेलं असतं, "स्पीड 500".

आता तुम्हाला एक गुपित सांगतो. मी शाळेत होतो तेव्हा माझ्याही वहीच्या शेवटच्या पानावर अशीच गाडी असायची. पुढं मी मास्तर झालो, लग्न झालं, मुलगी झाली, पण ते पान काही डोक्यातून गेलं नाही. गेल्या वर्षी बँकेत साडेतीन लाख रुपये साठले आणि घरात ठरलं, आता चारचाकी घ्यायची. आईला गुडघ्यांच्या उपचारांसाठी दर महिन्याला नांदेडला न्यावं लागतं. जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर. पावसाळ्यात मोटरसायकलवर हे जमत नाही.

घरच्यांच्या मनात होती चारचाकी. माझ्या मनात होती स्पोर्ट्स कार!

खरी स्पोर्ट्स कार म्हणजे काय?

हसू नका. साडेतीन लाखांत फेरारी येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण स्पोर्ट्स कार म्हणजे फक्त महागडी गाडी असं थोडंच आहे? मूळ कल्पना अशी की गाडी हलकी असावी, जमिनीलगत असावी, आणि चालवणाऱ्याला चालवण्यात मजा यावी.

जपानच्या माझदा कंपनीने 1989 मध्ये 'एमएक्स-5' नावाची एक छोटी, दोनच माणसं बसतील अशी उघडी गाडी आणली. इंजिन साधंच, 1.6 लिटरचं. वजन मात्र एक टनाच्या आतबाहेर. ती बनवणाऱ्यांनी एक जपानी शब्दप्रयोग डोळ्यांपुढे ठेवला होता, 'जिनबा इत्ताई'. म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. 2016 पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या. आपल्याकडे ती कंपनीने कधी विकायला आणली नाही.

युरोपात आणखी एक युक्ती निघाली. दोन माणसांची गाडी कुटुंबाला कशी पुरणार? मग साध्या, पाच माणसांच्या छोट्या गाडीतच दणकट इंजिन बसवलं तर? जर्मनीच्या फोक्सवॅगनची 1976 ची 'गोल्फ जीटीआय' ही अशा गाड्यांमधली सगळ्यात गाजलेली. अशा गाड्यांना 'हॉट हॅच' म्हणतात. बाहेरून गरीब गाय, आतून उधळलेला खोंड!

आणि मुलांनो, अशा तीन गाड्या आपल्या महाराष्ट्रातच बनल्या. एक मुंबईत कुर्ल्याला, एक पुण्याजवळ चाकणला आणि एक रांजणगावला. होय, अष्टविनायकांतल्या महागणपतीचं तेच रांजणगाव. तिन्हींचं उत्पादन आता थांबलं आहे, पण जुन्या बाजारात त्या मिळतात. थोडी ओढाताण केली तर माझ्या पैशांत बसतील अशा. मग मी ठरवलं, तिन्ही चालवून पाहायच्या आणि मगच घ्यायची.

आबांची परीक्षा

गाडी कशी पारखायची, हे मला कुणी शिकवलं माहीत आहे? माझ्या आजोबांनी. आबांनी आयुष्यात कधी स्टेअरिंगला हात लावला नाही. पण बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

बैलबाजारात लोक दात मोजायचे, वशिंड बघायचे, शिंगांना रंग कुठला ते बघायचे. आबा म्हणायचे, "आधी कासरा हातात दे. कासऱ्यातून बैल बोलतो." मग ते बैल गाडीला जुंपून मैलभर हाकून आणायचे. कासरा जरा ओढला की बैल वळतो का? ढिला सोडला की सरळ चालतो का? बिचकतो का? हे झालं की दुसरा प्रश्न. "खातो किती? बसला तर उठवायला कोण येईल?"

शंकरपटात धावणारा बैल आबांना फार आवडायचा. पट बघायला ते पायी जायचे. पण तसला बैल त्यांनी कधी दावणीला बांधला नाही. म्हणायचे, "पळतो दहा-वीस सेकंद. खातो वर्षभर."

म्हणजे परीक्षेचे पेपर दोन. पहिला, चालवायला कशी? दुसरा, बाळगायला कशी? मी हे दोन पेपर वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहिले.

पहिली : कुर्ल्याची पॅलिओ

हिंगोलीत माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे एक लाल पॅलिओ आहे, 1.6 लिटर इंजिनवाली. फियाट कंपनीची ही गाडी 2001 मध्ये आली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात बनली. तिच्या जाहिरातीत सचिन तेंडुलकर असायचा. त्याच्या 10 नंबरावरून 'एस-10' नावाची आवृत्तीही निघाली होती. त्याआधी कुर्ल्यातच प्रीमियर पद्मिनी बनायची, म्हणजे मुंबईची ती जुनी काळी-पिवळी टॅक्सी. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली तेव्हा मुंबईकर हळहळले होते.

पॅलिओचं 1,596 सीसीचं इंजिन सुमारे 100 अश्वशक्ती देतं. 100 म्हणजे किती? तुमच्या शेतातली विहिरीवरची मोटर असते पाच एचपीची. तशा वीस मोटारी एकदम चालू केल्या, तर तेवढी ताकद!

एका रविवारी सकाळी आम्ही अकोला-नांदेड महामार्गावर निघालो. दार लावलं तर 'ठप्प' असा भारदस्त आवाज आला. स्टेअरिंग जरा वजनदार लागलं. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, हिचं स्टेअरिंग म्हणजे लोखंडी नांगर. एकदा तास लागलं की सोडत न्हाई."

अगदी खरं! रस्त्यावरचा खडा न् खडा तळहाताला कळत होता, पण गाडी ढळत नव्हती. खड्ड्यातून गेली तरी अंग मोडल्यासारखं वाटलं नाही. गिअर बदलताना मात्र हाताला काम होतं. मजा होती ती धीराची. जाणत्या बैलाबरोबर चालल्यासारखी.

मी विचारलं, "मिस्त्री, बाळगायला कशी?" ते हसले. "मी स्वतः मिस्त्री हाय म्हणून बाळगतो. गाडी बनायची बंद झाली की सुटा भाग शोधणं म्हणजे हरवलेली गाय शोधणं. जुन्या बाजारात फिरावं लागतंय."

दुसरी : चाकणची पोलो

दिवाळीत माझा मामेभाऊ चाकणहून गावी आला. त्याच्याकडे पोलो जीटी टीएसआय आहे. फोक्सवॅगनने चाकणला 2009 मध्ये कारखाना सुरू केला. ही जीटी 2013 मध्ये आली आणि भारतातली पोलो 2022 मध्ये थांबली.

हिचं इंजिन पॅलिओपेक्षा लहान, 1,197 सीसीचं. तरी ताकद सुमारे 105 अश्वशक्ती, म्हणजे पॅलिओपेक्षा थोडी जास्तच! हे कसं? याचं उत्तर आहे 'टर्बो'. तुम्ही लोहाराचा भाता पाहिलाय ना? भात्याने हवा घातली की तेवढेच कोळसे कसे फुलून येतात! टर्बो म्हणजे इंजिनाचा भाता. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चक्र गरगर फिरवतो आणि ते चक्र जास्तीची हवा इंजिनात कोंबतं. जास्त हवा असली की जास्त पेट्रोल जळतं आणि ताकद वाढते.

दुसरी गंमत म्हणजे हिला क्लचचं पेडलच नाही. गिअर आपोआप पडतात. आत दोन क्लच असतात, एक विषम गिअरांसाठी, एक सम गिअरांसाठी. तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये असता तेव्हा तिसरा आधीच तयार असतो. खो-खोमधला गडी जसा खो मिळायची वाट बघत उकिडवा बसलेला असतो ना, अगदी तसा. 'खो' मिळाला की उठला! मधे झटका नाही, थांबणं नाही.

"कशी वाटली, दादा?" मामेभावाने विचारलं. काय सांगू? लोण्यावरून सुरी फिरावी तशी गाडी गेली. स्टेअरिंग हलकं. ऐंशीचा वेग कधी झाला ते कळलंसुद्धा नाही. पण मला एक चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. सगळं काम गाडीच करत होती. मी नुसता बसलेलो. हुशार मुलाच्या शेजारी बसून गणित सोडवल्यासारखं. उत्तर बरोबर येतं, पण ते आपलं नसतं!

बाळगायला? रोजच्या वापराला सोयीची. पण असल्या गिअरबॉक्सचं काम निघालं तर ते गल्लीतल्या गॅरेजात होत नाही. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं, आणि बिलही तसंच येतं.

पालकांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. जानेवारी 2014 मध्ये 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतातल्या पोलोची धडक-चाचणी जाहीर केली. एअरबॅग नसलेल्या पोलोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले, आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे. गाडीचं नाव तेच, बाहेरचं रूप तेच. जुनी गाडी घेताना नुसता रंग बघू नका, आत काय बसवलंय ते बघा.

तिसरी : रांजणगावचा विंचू

आता तुमचे डोळे चमकतील. माझा डीएडचा एक वर्गमित्र नांदेडला व्यापार करतो. त्याच्याकडे आहे अबार्थ पुन्टो. गाडीच्या नाकावर चक्क विंचवाचं चिन्ह! कार्लो अबार्थ नावाच्या गृहस्थांनी 1949 मध्ये इटलीत गाड्या वेगवान करून द्यायचा उद्योग सुरू केला. त्यांची जन्मरास वृश्चिक, म्हणून चिन्ह विंचवाचं. पुढे ती कंपनी फियाटकडे गेली.

पुन्टो अबार्थ ऑक्टोबर 2015 मध्ये आली. 1,368 सीसीचं टर्बो इंजिन, 145 अश्वशक्ती. हिशेब करा पाहू, पाच एचपीच्या किती मोटारी? बरोबर, 29! तेव्हा दिल्लीतली शोरूमची किंमत होती 9 लाख 95 हजार. शून्यापासून ताशी 100 किलोमीटर वेग गाठायला 8.8 सेकंद, असं कंपनी सांगायची.

औंढा नागनाथच्या बाजूला डोंगराळ भाग आहे, रस्त्याला वळणं आहेत. मित्राने तिथं गाडी माझ्या हाती दिली. आधी वाटलं, हॅ! हिच्यात काय आहे? हळू चालवताना ती साधी गायच होती. पण इंजिनाचे फेरे जरा वाढले आणि भाता फुलला... पाठीला सीट येऊन चिकटली! मित्र ओरडला, "लेका, पाय उचल!" मी पाय उचलला. वेगाचा काटा बघितला तर ऐंशीच्या आतच होता. पण छाती मात्र धडधडत होती.

आणि स्टेअरिंग! आबांचा कासरा आठवला. पुढचं चाक कुठं आहे, त्याच्याखाली डांबर आहे की माती, सगळं हातात येत होतं. वळणात गाडी म्हणत होती, "एवढंच. याच्यापुढं नको." मीही तिचं ऐकलं. खरं सांगतो मुलांनो, त्या दहा मिनिटांत मी पुन्हा चौथीत गेलो होतो.

परतीच्या वाटेवर एका वस्तीपाशी उंचच उंच गतिरोधक आला. गाडीचं पोट जमिनीपासून 155 मिलिमीटर, म्हणजे तुमच्या पट्टीएवढंच! मित्राने आम्हा दोघांना खाली उतरवलं, रिकामी गाडी तिरपी करून अलगद पलीकडे नेली, आणि मग आम्ही पुन्हा बसलो. चढावर भरलेल्या बैलगाडीतून माणसं उतरवतात, तसं.

"सर, जोरात कोणती?"

सुट्टी संपली. मी वर्गात तिन्ही गाड्यांची चित्रं लावली आणि सगळी हकिकत सांगितली. मग मतदान घेतलं. पुन्टोला 17 मतं, पोलोला 6, पॅलिओला 3. विंचू प्रचंड बहुमताने निवडून आला!

एकजण उठला. "सर, जोरात जाते ती जिंकली. आता घेऊन टाका."

मी म्हटलं, "चला मैदानावर." चुन्याने एक रेघ मारली. सांगितलं, आधी चालत या आणि रेघेवर पाय पडला की थांबा. सगळे जागच्या जागी थांबले. मग सांगितलं, जिवाच्या आकांताने पळत या आणि रेघेवर थांबा. कुणी चार पावलं पुढे गेला, कुणी सहा, एकजण सरळ कुंपणात!

गाडीचंही तसंच आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक दाबल्यावर साधारण 9 मीटरमध्ये थांबते. ताशी 80 ला लागतात 36 मीटर. शिवाय म्हैस दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद जातो. तेवढ्यात 80 च्या वेगाने गाडी 22 मीटर पुढे गेलेली असते. एकूण 58 मीटर! खो-खोचं मोठ्यांचं मैदान 27 मीटर लांब असतं. म्हणजे दोन मैदानं ओलांडून गाडी थांबणार. आणि हा नियम विंचवाच्या गाडीलाही लागू आहे आणि शाळेच्या ऑटोलाही.

मग 145 घोड्यांचं करायचं काय? आपल्या रस्त्यावर त्यातले निम्म्याहून जास्त झोपूनच असतात. जागे केले तर 58 मीटरच्या आत कुणाची तरी म्हैस, कुणाचं तरी लेकरू असतं. मला त्या डोंगरात मजा आली ती वेगाची नव्हती. गाडी बोलत होती आणि मी ऐकत होतो, त्याची होती.

फळ्यावरचा हिशेब

आता दुसरा पेपर. महिन्याला 1,000 किलोमीटर धरले. पेट्रोल लिटरला 105 रुपये धरलं. जोरदार गाडी लिटरला साडेबारा किलोमीटर जाते असं समजा. 1,000 भागिले साडेबारा, 80 लिटर. झाले 8,400 रुपये. साधी छोटी गाडी 20 किलोमीटर जाते असं समजा. 50 लिटर. झाले 5,250 रुपये. फरक महिन्याला 3,150 आणि वर्षाला 37,800 रुपये!

"सर, एवढ्यात आमच्या घरचं वर्षाचं बियाणं येतं," मागच्या बाकावरून आवाज आला.

मग विमा. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो. जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 1,000 ते 1,500 सीसीला वर्षाला 3,416 रुपये आणि 1,500 च्या वर 7,897 रुपये, कर वेगळा. पॅलिओचं इंजिन 1,596. फक्त 96 सीसी जास्त, तर हप्ता 4,481 रुपयांनी जास्त!

मग टायर. टायरवर आकडे असतात. पुन्टो अबार्थच्या टायरवर '195/55 आर 16'. 195 म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. 55 म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या 55 टक्के, सुमारे 107 मिलिमीटर. 16 म्हणजे आतल्या रिमचा व्यास इंचात. एखाद्या साध्या गाडीवर असतं '165/80 आर 14'. 165 चे 80 टक्के किती? 132 मिलिमीटर. म्हणजे साध्या गाडीच्या टायरची गादी जाड. वळणात ती थोडी डुलते, पण खड्डा सोसते. पातळ गादीचं टायर वळणात घट्ट उभं राहतं, पण खड्डा थेट कंबरेला सांगतं. रुंद टायर महागही पडतं.

आणि शेवटी वय. नोंदणीला 15 वर्षं झाली की गाडी पुन्हा तपासून घ्यावी लागते, पुन्हा नोंदवावी लागते. पॅलिओ त्याच्या पलीकडे गेलेली.

पुन्हा मतदान घेतलं. या वेळी मुलांनी आपण होऊन चौथं नाव घातलं, 'साधी गाडी'. साध्या गाडीला 12, पुन्टोला 10, पोलोला 4. विंचू पडला, पण थोडक्यात!

माझ्या वहीत नसलेला प्रश्न

तास संपता संपता पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती एरवी फारशी बोलत नाही. म्हणाली, "सर, आजीला बसता येतंय का त्याच्यात?"

वर्ग गप्प झाला. मीही गप्प झालो.

मुलांनो, मी सीसी लिहिले होते, घोडे मोजले होते, टायरची गादी मोजली होती. दोन पेपर काढले होते. पण गाडी जिच्यासाठी घ्यायची ठरली होती, तिला मी एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मित्राला नांदेडहून बोलावलं. आईने विंचवाच्या गाडीचं दार उघडलं, एक हात छताला धरला आणि सीटवर बसली. खरं म्हणजे पडलीच. गुडघा धरून बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "छान हाय रे गाडी. तुला आवडली नव्हं? मी बसंन हळूहळू."

आईचं हे बोलणं ऐकल्यावर माझा निर्णय झाला.

मी पाच दारांची एक जुनी साधी गाडी घेतली. पांढरी. बाराशे सीसीच्या आतली. सीट उंच, दार मोठं, टायरची गादी जाड. गावातला मिस्त्रीच तिचं सगळं करतो. आई आता कुणाचा हात न धरता बसते आणि नांदेडपर्यंत डुलकी काढते.

मग स्पोर्ट्स कार हुकली का? आठवतं तेव्हा हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू? पण एक गंमत झाली. तिन्ही गाड्या चालवून माझे हात ऐकायला शिकले होते. औंढ्याच्या वळणावर मी माझी पांढरी गाडी पन्नासच्या वेगाने नेतो, दोन्ही हातांनी कासरा धरल्यासारखं स्टेअरिंग धरतो. तीही बोलते. जरा हळू आवाजात बोलते, पण बोलते.

करून पाहा

एक. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या तीन गाड्यांच्या टायरवरचे आकडे वहीत उतरवा आणि टायरच्या गादीची उंची काढा. गाडी उभी असतानाच, आणि मोठं माणूस सोबत असतानाच!

दोन. मैदानावर रेघेचा प्रयोग करा. चालत आणि पळत, दोन्ही वेळा रेघेपुढे किती पावलं गेलात ते मोजा.

तीन. घरात कुठलीही मोठी वस्तू घ्यायची असेल, गाडी असो की सायकल की शिलाई मशीन, तर वहीत तीन पानं करा. वापरायला कशी? बाळगायला कशी? आणि ही कुणासाठी? तिसरं पान आधी भरा. माझं ते शेवटी भरलं गेलं.

आणि हो, गाडीचं वय 18! परवाना नसलेल्या मुलाच्या हाती गाडी दिली आणि गुन्हा घडला, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या मुलाला वयाची 25 वर्षं होईपर्यंत परवानाही मिळत नाही. तोपर्यंत वहीचं शेवटचं पान आहेच की! तिथं खुशाल 'स्पीड 500' लिहा. मी तपासताना लाल शाईने काट मारणार नाही.